सत्तर तासांचं काम, पस्तीस तासांत

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, घर नांदेडकडे, इथे तिघांत फ्लॅट. कॉलेज, त्यावर ऑनर्स, शनिवार-रविवार कोडिंगचा क्लास, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) दुसरं वर्ष, टेक्निकल क्लबचं सहसचिवपद, ढोल पथक, पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या, टीममध्ये बॅकस्टेज, आणि सोसायटीतल्या दोन मुलांची शिकवणी. रात्री दोनला झोपतोस, सकाळचं पहिलं लेक्चर बुडतं, नाटकाच्या ग्रुपवर मेसेज आला की पोटात गोळा येतो. आणि शेवटी विचारलंयस, "हे सगळं सांभाळता येईल असं टाइमटेबल कसं बनवू?"

(माझ्या विद्यार्थ्यांना मी अरे-तुरेच करते, इथेही तेच चालू ठेवते. राग मानू नकोस.)

ते टाइमटेबल बनत नाही. बावीस वर्षं शिकवतेय, त्यातली चौदा जीएफएम आहे. म्हणजे वीस-बावीस मुलांची पालक-शिक्षक. हजेरी कमी पडली की घरी फोन करणारी बाई ती मीच. अशी टाइमटेबलं मी स्वतः रंगीत पेनांनी आखून दिलेली आहेत. दुसऱ्या आठवड्यात ती कपाटाच्या दाराला आतून चिकटलेली असतात आणि मूल पांघरुणात असतं. म्हणून आधी बेरीज करू.

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले, उरले ११९. कॉलेजचे पाच दिवस आठ-आठ तास, म्हणजे ४०. येण्याजाण्याचे साडेसात. मेस, आंघोळ, कपडे, किराणा, घरी फोन यांचे रोजचे तीन तास म्हणजे २१. राहिले साडेपन्नास. त्यात सबमिशन आणि स्वतःचा अभ्यास मिळून आठवड्याला १५ तास तरी हवेतच. हातात उरले साडेपस्तीस.

आता तुझी यादी. ऑनर्सची लेक्चरं आणि त्याचा अभ्यास ८ तास. कोडिंगचा क्लास ६ आणि त्यांचा होमवर्क ४. शिकवणी रोज दीड तास, पाच दिवस, म्हणजे साडेसात. पथकाचा सराव पाच संध्याकाळी अडीच तास, साडेबारा. तालीम सहा दिवस चार-चार तास, २४. क्लब ५, एनएसएस ३. बेरीज ७०.

म्हणजे जवळजवळ दुप्पट. वरचे पस्तीस तास कुठून येतात ते तूच लिहिलंयस: दोन वाजता झोपणं, बुडालेलं लेक्चर. त्यात पथक आणि तालीम दोन्ही सातनंतर. म्हणजे रोज कुणाला तरी "आलोच, निघालोय" असं सांगत असशील. माझा अंदाज आहे की पोटातला गोळा तालमीचा नाही. तिथे दिलेला शब्द रोज मोडतोय, त्याचा आहे.

आणि खरी अडचण इथेच आहे, तासांपेक्षाही. मी पाहिलेली जी मुलं कोसळली त्यांतली सगळीच काही सर्वांत जास्त काम करणारी नव्हती. रोबोकॉन या रोबो बनवण्याच्या स्पर्धेच्या टीममधली मुलं महिनोन् महिने वर्कशॉपमध्ये रात्री काढतात, डोळे लाल असतात, पण बोलायला लागली की थांबत नाहीत. एकच काम, एकच ग्रुप, एकच कॅप्टन. त्यांना झोप कमी पडते, नंतर ती भरूनही निघते. कोसळतात ती सात ठिकाणी थोडी थोडी असणारी मुलं. त्यांना कुणीही, कधीही, कुठूनही हाक मारू शकतं. दोन तास रिकामे मिळाले तरी ते रिकामे नसतात, कारण त्या दोन तासांवर सात जणांचा हक्क असतो.

म्हणून जर्नलचं मागचं कोरं पान घे. ज्या ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुला नाव घेऊन काम सांगितलं जातं, ते सगळे लिही. नुसते वाचायचे ग्रुप धरू नकोस. प्रत्येकापुढे लिही की तिथे तुला कोण विचारतं आणि हे काम कोणत्या तारखेला संपतं. मागच्या वर्षी माझ्यासमोर बसून एका मुलीने चौदा लिहिले. त्यातल्या नऊंपुढे तारीख लिहिता आली नाही. ती रडली वगैरे नाही, म्हणाली, "मॅडम, यातल्या दोन ग्रुपवर मी का आहे तेच आठवत नाहीये."

एक प्रसंग सांगते. सबमिशनचा आठवडा होता, लॅबमध्ये रांग. एका मुलाची ओरल चालू होती. कॅल्क्युलेटर काढ म्हटलं तर त्याने सॅकमध्ये हात घालून आधी ढोल वाजवायचं टिपरू काढलं, मग पथकाचा शेला, मग क्लबचे न वाटलेले सर्टिफिकेटचे गठ्ठे. उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्टी, त्यामुळे पेन कसंबसं धरलेलं. जर्नल पुढे केलं ते दुसऱ्याच विषयाचं. मी म्हटलं, "अरे, हे माझं नाही." तर तो दोन सेकंद नुसता बघत राहिला. हुशार मुलगा होता, पहिल्या वर्षी वर्गात तिसरा. विषय येत नव्हता असं नाही, आपण कोणत्या विषयाच्या ओरलला बसलोय हेच त्याच्या डोक्यात पोचलं नव्हतं. त्या सेमिस्टरला त्याला दोन विषय राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या यादीत बर्नआउटची व्याख्या केली, तीही आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. लक्षणं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा तुसडेपणा, आणि आपल्याकडून काही धड होत नाही ही भावना. व्याख्या नोकरीपुरती आहे, पण आम्हा शिक्षकांना ती वर्गातही ओळखू येते. आम्हाला आधी दिसतो तो थकवा नाही, तर मधला तुसडेपणा. गेल्या वर्षी नाटकासाठी जीव टाकणारा मुलगा यंदा म्हणतो, "तेच ते, कुणाला पडलीय."

आता तुझ्या यादीतलं काय ठेवायचं हे मी इथून ठरवू शकत नाही, आणि कुणी ठामपणे सांगितलं तर त्याचं ऐकू नकोस. बरंच काही परिस्थितीवर आहे. शिकवणीच्या पैशांतून मेस भागते की मोबाईलचा हप्ता? शिष्यवृत्ती आहे का, आणि एखादा विषय राहिला तर तिला धक्का लागतो का? पहिल्या वर्षाची केटी, म्हणजे राहिलेला विषय, डोक्यावर आहे का? असेल तर खालचं सगळं बाजूला ठेव आणि आधी ती काढ. प्लेसमेंटला बऱ्याच कंपन्या बॅकलॉग असलेल्याला बसूच देत नाहीत. घरी यातलं किती माहीत आहे, हाही एक मुद्दा आहे. पण मी कसा विचार करते ते सांगू शकते.

पहिली चाळणी अशी: जे संपतं आणि जे संपत नाही. एनएसएस संपतं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि एक सात दिवसांचं शिबिर. तू दुसऱ्या वर्षात आहेस, अर्धी वाट चालून झालीय, पूर्ण कर. किती तास भरलेत ते कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून आजच बघून घे. पुष्कळ मुलांचे तास त्यांना वाटतात त्यापेक्षा जास्त भरलेले असतात आणि ती उगीच प्रत्येक रविवारी जात राहतात.

क्लबचं सहसचिवपद संपत नाही. आज पोस्टर, उद्या पाहुण्यांचा बुके, परवा रजिस्ट्रेशनच्या पैशांचा हिशेब. रेझ्युमेवर ओळ येते म्हणून मुलं पदं घेतात. मुलाखतीत त्या ओळीवर कुणी प्रश्न विचारला तर "इव्हेंट मॅनेज केला" याच्या पुढे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. माझं मत कडवट वाटेल, पण तुझ्या यादीतून मी पहिल्यांदा हेच काढीन. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात. दमली की नाटक सोडतात, पथक सोडतात, गाणं सोडतात, कारण ते "मजेचं" म्हणून सोडणं सोपं वाटतं. आणि पद, क्लास, सर्टिफिकेट धरून ठेवतात. महिन्याभराने तास कमी झालेले असतात आणि थकवा वाढलेला असतो, कारण आठवड्यातली जी एक गोष्ट करताना जीव रमायचा तीच गेली. चौदा ग्रुपवाल्या मुलीनेही आधी तेच केलं होतं. सुगम संगीताचा ग्रुप सोडला, तीन को-ऑर्डिनेटरपदं ठेवली, आणि मग माझ्याकडे आली.

ऑनर्सकडे मुलं "होऊन जाईल" म्हणून बघतात, म्हणून त्याचं गणित सांगते. साधारण १६० क्रेडिटची पदवी, त्यावर ऑनर्सची १८ ते २० जादा क्रेडिट. नव्या क्रेडिट आराखड्यात वर्षाची ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास धरतात, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. १८ क्रेडिटचे ५४० तास झाले. हे वाईट आहे असं अजिबात नाही. तो विषय तुला आवडत असेल, पुढे एमटेक किंवा संशोधन डोक्यात असेल, तर ऑनर्स ठेव आणि क्लास सोड. पण वर्गातल्या सगळ्यांनी फॉर्म भरला म्हणून भरला असशील तर विभागात जाऊन विचार, मधून बाहेर पडल्यावर मूळ पदवीवर काय परिणाम होतो. बहुतेक ठिकाणी काहीही होत नाही, ऑनर्सचा शेरा मिळत नाही इतकंच. तरी लेखी नियम बघितल्याशिवाय पाऊल उचलू नकोस.

कोडिंगच्या क्लासबद्दल एकच विचारते: फी भरली नसती तर उद्यापासून गेला असतास का? डेटा स्ट्रक्चर्स तुला याच वर्षी अभ्यासक्रमात आहे. तोच विषय कॉलेजमध्ये झोपेत ऐकायचा आणि रविवारी पैसे देऊन पुन्हा ऐकायचा, हे मी दरवर्षी बघते. गेलेली फी गेली. तिच्यामागे आणखी सहा महिन्यांचे रविवार घालवू नकोस. आणि कोडिंग ऐकून येत नाही रे, रोज एक प्रश्न स्वतः सोडवून येतं.

राहिलं पथक आणि नाटक. ही निवड सर्वांत अवघड, आणि दोन्हीही मी "टाइमपास" म्हणून उडवून लावणार नाही. नांदेडहून एकटा आलेल्या मुलाला पुण्यात माणसं इथेच भेटतात. पण दोन्हींचा हंगाम एकच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सराव चढतो, त्याच वेळी भरत नाट्य मंदिरातल्या प्राथमिक फेरीची तालीम, आणि लगेच पुढे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षा. एका पावसाळ्यात यातलं एकच बसतं. कोणतं, हे ठरवायला मी मुलांना एक गोष्ट करायला सांगते. डोळे मीट आणि "आज रद्द" असा मेसेज आलाय असं समज. कोणत्या मेसेजने हायसं वाटलं आणि कोणत्याने चुकचुकलं? जिथे चुकचुकतं ते ठेव. दुसरं यंदा नाही. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, पुढच्या वर्षीही असेल. विसर्जनाची मिरवणूकही कुठे जात नाही. उन्हाळ्याआधी काही करावंसं वाटलं तर दुसऱ्या सेमिस्टरमध्ये फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेचा विचार करता येतो, तेव्हा पथक नसतं.

नाटक ठेवलंस तर दिग्दर्शकाशी बोलून घे. बॅकस्टेजवाल्याची रोज चार तास गरज नसते. नटांची पाठांतरं चालू असताना तू कोपऱ्यात बसून रील्स बघत असतोस, खरं की नाही? लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे), प्रॉपर्टी (नाटकातल्या वस्तू), दृश्यांमधले बदल यांची खरी धावपळ शेवटच्या पंधरवड्यात. तोवर चार दिवस मागून घे. १६ तासांवर आलास. ऑनर्स, क्लास, क्लब आणि पथक सोडलंस असं धरून त्यात शिकवणी साडेसात आणि एनएसएस ३ मिळवले की साडेसव्वीस. साडेपस्तीसात ते बसतं, वर नऊ तास उरतात. ते नऊ तास कशानेही भरू नकोस. ताप येतो, गाडी पंक्चर होते, मावशीच्या मुलीचं लग्न निघतं. ते तास त्यासाठी आहेत.

आता सोडायचं कसं. आपल्याकडे नाही म्हणायचं नसतं, "बघतो" म्हणायचं असतं. "बघतो", "जमवतो", "टाकतो थोड्या वेळात". ऐकणारा त्याचा अर्थ हो असा घेतो आणि बोलणारा मनात नाही धरून बसतो. तुझ्या सत्तर तासांतले निम्मे या "बघतो"तून आले असणार. मीही यातून गेलेय. एका वर्षी विभागाच्या मानांकनाच्या फायली, परीक्षेची ड्यूटी, वर्गाचं को-ऑर्डिनेशन आणि पीएचडीचं कोर्सवर्क या सगळ्याला मी "बघते" म्हटलं होतं. एका संध्याकाळी अंतर्गत गुण भरताना एक ओळ खाली सरकले आणि पुढच्या सगळ्या मुलांचे गुण भलत्याच्या नावावर गेले. मुलांनी सकाळी सांगितलं म्हणून निभावलं. वरिष्ठांपुढे उभी राहिले तेव्हा दमले होते म्हणायची सोय नव्हती, कारण कामं मीच घेतली होती.

म्हणून ग्रुपवर लांबलचक माफीनामा टाकू नकोस. त्याखाली चाळीस जण हात जोडलेले इमोजी टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा फोन येतो. पथकातल्या दादाला गाठ, समोर उभा राहून सांग: "दादा, यंदा मी वादनाला नाही. आजच सांगतोय, म्हणजे माझ्या जागी नवीन मुलाला बसवता येईल. शुक्रवारी ढोल आणून देतो." यात कारण एकच, तारीख एक, आणि "जमलं तर येईन" कुठेही नाही. ते एक वाक्य जोडलंस की सगळं पाण्यात. दादा चिडेल. एक-दोन टोमणे मिळतील. पुढच्या वर्षी तोच पहिला फोन करील, हे मी बघितलंय.

क्लबचं मात्र असं एका दिवसात टाकता येत नाही, तिथे पैशांचा हिशेब असतो. एखाद्या कार्यक्रमाच्या तोंडावर सोडू नकोस. चालू कार्यक्रम झाला की एका कागदावर पासवर्ड, देणी-घेणी, पाहुण्यांचे नंबर लिहून पुढच्या मुलाच्या हातात दे, फॅकल्टी को-ऑर्डिनेटरना मेल कर आणि ग्रुपमधून बाहेर पड. "असू दे ग्रुपवर" असं सगळे म्हणतील. राहू नकोस.

कुणीतरी तुला "एक ना धड, भाराभर चिंध्या" ऐकवलंच असेल. मला ती म्हण मुलांना ऐकवायला आवडत नाही. तू काही आळशी नाहीस, तुला लोकांचं मन मोडवत नाही. पण आत्ता तू सगळ्यांचंच थोडं थोडं मोडतोयस.

तब्येतीचं वेगळं सांगते, कारण बर्नआउट म्हणून आलेली सगळीच मुलं बर्नआउटची नसतात. मेसचं जेवण, शाकाहार, उन्हात न जाणं. हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड एकदा तपासून घे. माझ्या दोन विद्यार्थिनींचा "कंटाळा" बी१२च्या इंजेक्शनांनी गेला. दुसरं, गणपतीला किंवा दिवाळीला घरी गेल्यावर तीन-चार दिवसांच्या झोपेने, आईच्या हातच्या जेवणाने उभारी येत असेल तर बहुधा भार कमी करणं पुरेल. पण घरी जाऊनही कशात मन लागत नसेल, दोन आठवडे हेच चालू असेल, रडू येत असेल, जगण्याबद्दलच नकोसे विचार येत असतील, तर कामं कमी करून भागणार नाही. कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा, किंवा १४४१६ वर फोन कर. ती केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या मुलांपैकी काहींनी केलाय.

आणि घरी सांग. सगळं नाही, पण "दोन गोष्टी सोडल्यात, झोप होत नव्हती" एवढं तरी. हजेरीचा फोन माझ्यासारखीकडून जाण्याआधी तुझा गेलेला बरा.

शेवटी शिकवणी. तुझ्या लिहिण्यावरून ती पैशांसाठी आहे आणि पैसे लागतात, म्हणून मी ती कुठे कापली नाही. पण पहिल्या वर्षापासून त्याच फीमध्ये शिकवतोयस, आणि आता दोन्ही मुलं वरच्या इयत्तेत गेली. काकूंशी बोल. फी वाढवून माग आणि पाचाऐवजी चार दिवस कर, शुक्रवार सोड. चाचणी परीक्षेचा निकाल चांगला लागला की लगेच विचार, महिनाअखेरीची वाट बघू नकोस.